साठीनंतरच्या स्त्रियांसाठी एक व्यायामवर्ग: परीक्षण

साठी ओलांडलेल्या स्त्रियांसाठी आठवड्यातून तीन दिवस भरणाऱ्या या वर्गाला मी काही महिन्यांपासून जात आहे. अशा वर्गांत बहुधा मान फिरवणे, हात वरखाली करणे आणि शेवटी टाळ्या वाजवून हसणे, एवढ्यावरच तास संपतो. येथे मात्र खरोखर व्यायाम करून घेतात.

सुरुवातीलाच प्रशिक्षिकेने रक्तदाब, गुडघे, हाडांची ठिसूळता आणि चालू औषधे यांची चौकशी केली. मग हाताचा आधार न घेता खुर्चीवरून ३० सेकंदांत किती वेळा उठता येते, हे मोजून प्रत्येकीचा व्यायाम ठरवला. उठबस, भिंतीला रेटून हातांचा व्यायाम, टाचेला पंजा लावून एका रेषेत चालणे, घोट्याला बांधायचे वजन, आणि ते झेपू लागले की थोडे अधिक, असा क्रम आहे.

वर्गाचा मनावरचा परिणाम मला व्यायामाच्या या वाढत्या वजनातच दिसतो. एकदा पाय घसरलेली स्त्री जिना टाळते, मग बाहेर पडणे टाळते. हालचाल घटल्याने पाय आणखी अशक्त होतात आणि एकटेपणाही वाढतो. पायांत बळ आले की ही भीती ओसरू लागते. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठात तयार झालेल्या बळ आणि तोल यांच्या व्यायामक्रमाची चाचणी १९९० च्या दशकात ८० वर्षांवरील स्त्रियांवर झाली, तेव्हा त्यांचे पडण्याचे प्रमाण घटले होते. त्यामुळे ‘या वयात वजन कशाला?’ हा प्रश्न मला पटत नाही.

वर्गाच्या माहितीपत्रकातले ‘नैराश्य कायमचे दूर’ हे आश्वासन मात्र खटकते. नियमित व्यायामाने नैराश्याची लक्षणे कमी होऊ शकतात. पण आठवडेच्या आठवडे टिकणारी उदासी किंवा निद्रानाश असेल, तर डॉक्टरांकडेच जायला हवे. सकारात्मक विचारांवरचे लांबलेले व्याख्यान तोलाच्या व्यायामाचा वेळ खाते. त्याऐवजी मैत्रिणींशी होणाऱ्या गप्पांनी मन अधिक हलके होते, असे माझे मत आहे. शिवाय संगीत इतके मोठे असते की कमी ऐकू येणाऱ्यांना सूचनाच कळत नाहीत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींनुसार पासष्टीनंतरही आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल हवी. तेवढी येथे होत नाही. उरलेले चालणे आपले आपणच करावे, असे प्रशिक्षिका स्पष्ट सांगतात. नुकतेच हाड मोडलेल्यांनी किंवा चक्कर येत असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. इतरांनी नाव नोंदवायला हरकत नाही.