नोकरी गेली सांगितलं तरी पॉलिसीचाच आग्रह
मार्चमध्ये नोकरी गेली, हिशोबाचे साडेतीन लाख आले ते एफडी करायला घराजवळच्या खासगी बँकेत गेलो तर मॅडमनी एफडीचा फॉर्म बाजूला सरकवून युलिपचं (विमा आणि बाजारातली गुंतवणूक एकत्र असलेली पॉलिसी) माहितीपत्रक पुढे केलं. अहो पगार बंद आहे सांगतोय ना, दरवर्षी पन्नास हजार हप्ता कुठून भरू? ५ वर्षं पैसे काढता येत नाहीत हे पण मी खोदून विचारल्यावर बोलल्या. मग रोज फोन. घरभाडं त्याच पैशातून जातंय हो, खरंच खूप त्रास झाला.

कुणी सही करून बसला असाल तर पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांत परत करता येते, लेखी द्या, पोच घ्या. बँकेने तक्रारीवर ३० दिवसांत काही केलं नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आहे, १४४४८ वर माहिती मिळते.

एफडी शेवटी सरकारी बँकेत केली.