अलंकार-वृत्तांची खिशातली पुस्तिका: पैसे देण्याआधी तीन पानं उलटा

दहावी-बारावीच्या गाईडांशेजारी, गल्ल्याजवळ टांगलेल्या अलंकार-वृत्तांच्या छोट्या पुस्तिका सगळ्यांच्या ओळखीच्या. छापणारा कुणीही असो, साचा साधारण एकच: अलंकाराचं नाव, एका ओळीची व्याख्या, 'ओळखण्याची खूण' आणि एक उदाहरण. परीक्षेच्या आदल्या दिवशी उजळणीला हा साचा झकास आहे. पहिल्यांदा शिकायला मात्र कच्चा, आणि कच्चेपणा नेमका त्या 'खुणे'त आहे.

'सारखा, सम, परी आलं की उपमा. जणू, गमे, वाटे, भासे आलं की उत्प्रेक्षा.' एवढंच पाठ केलेल्या मुलापुढे 'तो सारखा रडतो' हे वाक्य टाका. इथे 'सारखा' म्हणजे सतत. 'आज पाऊस पडेल असं वाटतं' यातल्या 'वाटतं'लाही उत्प्रेक्षेशी काही घेणं-देणं नाही. खुणेच्या आधी उपमेय (ज्याचं वर्णन चाललंय ते) आणि उपमान (ज्याच्याशी तुलना होते ते) शोधायचं, मग दोघांचं नातं काय ते विचारायचं, हा क्रम पुस्तिकेत सांगितलेला हवा. बहुतेकींत तो नसतो.

म्हणून पहिलं पान उघडायचं ते साम्यावरच्या अलंकारांचं. प्रत्येक अलंकाराला वेगळ्याच कवितेची ओळ दिली असेल, तर फरक मुलाच्या हाती लागत नाही. जोडी एकच ठेवली की लागतो. भाकरी आणि चंद्र घ्या. 'भाकरी चंद्रासारखी गोल' ही उपमा. 'भाकरी जणू चंद्रच' ही उत्प्रेक्षा. 'तव्यावरचा भाकरी-चंद्र टम्म फुगला' हे रूपक. दोन्हींत भेदच उरला नाही. 'भाकरी कसली, चंद्रच तो' ही अपन्हुती, कारण उपमेय सरळ नाकारलं. 'चंद्राहूनही गोल भाकरी' हा व्यतिरेक. 'ही भाकरी की चंद्र?' हा ससंदेह. चंद्र समजून भाकरीवर झेपावलेला चकोर म्हणजे भ्रांतिमान. इथे शंका संपून चूक घडलेली असते. आणि 'भाकरीसारखी भाकरीच' हा अनन्वय. अशी एका जोडीची साखळी असली, की पहिलं पान पास.

दुसरं पान भुजंगप्रयात या वृत्ताचं. 'मना सज्जना भक्तिपंथेचि जावे' ही ओळ तिथे हमखास असते. 12 अक्षरं, चार वेळा 'य' गण (गण म्हणजे तीन अक्षरांचा गट), म्हणजे लघु-गुरु-गुरु; लघूची मात्रा एक, गुरूच्या दोन. छपाई बघा. 'भक्तीपंथेची' असं छापलं असेल, तर तिसरा आणि चौथा गण 'म' (तिन्ही गुरु) होतो, 20 मात्रांच्या 22 होतात आणि वृत्त तिथेच मोडतं. मुलगा मात्र गण जुळत नाहीत म्हणून स्वतःलाच दोष देत बसतो. ऱ्हस्व-दीर्घाची चूक निबंधात एखादा गुण खाईल. वृत्ताच्या पानावर ती सगळं गणितच खाते.

त्याच पानावर लघु-गुरूचे नियम असतात. 'जोडाक्षराआधीचं अक्षर गुरु' एवढंच लिहिलं असेल तर ते अर्धवट आहे. आघात (उच्चाराचा जोर) येत असेल तरच गुरु. 'सज्जन'मधल्या 'स'वर तो येतो, 'तुझ्या'तल्या 'तु'वर किंवा 'पुन्हा'तल्या 'पु'वर येत नाही; ती लघुच राहतात. गणांसाठी यमाचा, मानावा, ताराप, राधिका, जनास, भास्कर, नमन, समरा ही आठ शब्दांची यादी दिलेली असली की पुरे; शब्दाचं पहिलं अक्षर गणाचं नाव सांगतं आणि शब्द त्याचा लघु-गुरु क्रम. रंगीत चौकटी नसल्या तरी काही बिघडत नाही.

शब्दालंकारांत फसगत कमी. यमकाला नुसतं 'शेवटी जुळणारं अक्षर' म्हटलेलं असतं, तेवढं खटकतं. अक्षरं तीच पण अर्थ निराळा, हा त्यातला गाभा गळतो. श्लेषाला (एका शब्दाचे दोन अर्थ) 'सरकारने कर पुढे केला' असलं रोजच्या बोलण्यातलं एखादं वाक्य असेल तर छान.

तिसरं पान रसग्रहणाचं, आणि तेच सहसा नसतं. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये या तीन मुद्द्यांवर दहावीला लिहायचं असतं. तिथे 'या ओळीत उपमा आहे' एवढ्यावर थांबलेलं उत्तर कोरडं पडतं. त्या उपमेनं काय साधलं, हे पुढच्या वाक्यात यायला हवं. प्रतिमा आणि प्रतीक यांतला फरक, अभिधा-लक्षणा-व्यंजना (शब्दाचा सरळ, लाक्षणिक आणि सुचवलेला अर्थ) यांची दोन-दोन उदाहरणं, एवढं असलं तरी पुस्तिकेची किंमत वसूल.

दहावीच्या मुलाने आधी बालभारतीचं पुस्तक उघडावं. त्याची पीडीएफ मोफत मिळते. त्यात नेमलेल्या अलंकारांवर पुस्तिकेत पेन्सिलीने खूण करावी, बाकीचे सोडून द्यावेत. स्पर्धा परीक्षावाल्यांना सगळेच लागतात, पण त्यांनी अर्थान्तरन्यास (एका गोष्टीवरून सर्वसामान्य सिद्धान्त किंवा उलट) आणि दृष्टान्त (तसाच दाखला देऊन पटवणं) एकाच उदाहरणावर उरकलेली पुस्तिका दुकानदाराला तिथल्या तिथे परत द्यावी.