घरमालक दुरुस्ती करत नाही: भाडं थांबवावं की खर्च वळता करावा?

स्लॅब गळतोय आणि मालक ‘बघू, करू’ म्हणत दिवस ढकलतोय. अशा वेळी ‘भाडंच देऊ नका, आपोआप धावत येईल’ हा सल्ला हमखास मिळतो. महाराष्ट्रात तो महागात पडू शकतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 मध्ये दुरुस्ती होईपर्यंत भाडं अडवून धरण्याची सोय नाही. दुरुस्ती स्वतः करून खर्च भाड्यातून कापण्याची मात्र आहे.

भाडं थांबवलं तर
मालक थकबाकीची लेखी नोटीस पाठवतो. ती मिळाल्यापासून 90 दिवस त्याला थकबाकीसाठी घर खाली करून घेण्याचा दावा लावता येत नाही. दावा लागून समन्स बजावलं गेलं, की आणखी 90 दिवस मिळतात. तेवढ्यात सगळी थकबाकी, त्यावर वार्षिक 15 टक्के सरळव्याज आणि दाव्याचा खर्च भरायचा, शिवाय निकालापर्यंत दरमहा भाडं नेमानं द्यायचं, तर घर वाचतं. म्हणजे अडवलेले पैसे व्याजासकट मालकाच्या खिशात जातात आणि बादली स्लॅबखाली तशीच राहते.

खर्च वळता केला तर
कलम 14 प्रमाणे घर राहण्याजोगं ठेवणं मालकाचं काम आहे. करारात ही जबाबदारी तुम्ही स्वतःवर घेतली असेल तर गोष्ट वेगळी, म्हणून आधी करार वाचा.

मालक ते करत नसेल, तर काम स्वतः करण्याआधी त्याला नोटीस द्या. ती किमान 15 दिवसांची हवी, आणि त्यानंतरही त्याला वाजवी वेळ मिळायला हवा. सोळाव्या दिवशी मिस्त्री बोलावला तर वादाला आयतं निमित्त मिळतं. कुठल्या खोलीत काय बिघडलंय, कधीपासून, हे नोटिशीत लिहा. तारखेचे फोटो आणि दोन अंदाजपत्रकं जोडा. ती स्पीड पोस्टानं, पोच मिळेल अशी पाठवा. व्हॉट्सॲप फक्त जोडीला.

कापण्याला मर्यादा आहे: वर्षभराच्या भाड्याचा चौथा हिस्सा. भाडं 6,000 असेल तर वर्षाचे 72,000, म्हणून 18,000. काम 26,000 चं झालं तर उरलेले 8,000 पुढच्या वर्षी. एकदम तीन महिने कोरे सोडण्यापेक्षा दरमहा 1,500 कापून 4,500 बँकेतून भरणं बरं. ‘भाडं थकवलं’ म्हणायला जागा राहत नाही. दर वेळी कापलेल्या रकमेचा हिशोब मालकाला लेखी कळवा.

गाडी बहुतेकदा पावत्यांवर अडते. भाडेकरूनं पावत्यांसह ठेवलेला हिशोब कायदा निर्णायक पुरावा मानतो आणि तो मालकावर बंधनकारक असतो. पण मिस्त्रीला रोख देऊन मोकळं झालात तर दाखवणार काय? त्याच्याकडून नाव, काम, रक्कम आणि सही असलेलं व्हाउचर घ्या. सिमेंट आणि वॉटरप्रूफिंगची बिलं वेगळी ठेवा. गळती थांबवताना जुन्या फरशा काढून ग्रॅनाइट बसवलंत तर ती दुरुस्ती उरत नाही. लेखी संमतीशिवाय पक्कं बांधकाम केलंत तर तेच घर खाली करवून घेण्याचं कारण ठरतं.

पागडीच्या, म्हणजे जुन्या, नाममात्र भाड्याच्या घरात मात्र हा मार्ग नावापुरताच. भाडं 300 असेल तर वर्षाला कापता येतात 900. 18,000 वसूल व्हायला 20 वर्षं. सगळ्या भाडेकरूंनी मिळून काम केलं तरी प्रत्येकाची मर्यादा तीच. तिथे वेळ दुसरीकडे घालवा: मुंबई शहरातल्या उपकरप्राप्त (दुरुस्ती उपकर भरणाऱ्या जुन्या) इमारतीसाठी म्हाडाचं दुरुस्ती मंडळ, आणि इमारत धोकादायक झाली असेल तर महापालिका. महापालिका कायद्यांनुसार मुंबईत कलम 354 खाली आणि इतर बहुतेक महापालिकांत कलम 264 खाली मालकाला नोटीस निघू शकते. तोवर भाडं चालू ठेवा. चिडून मालकानं पाणी किंवा वीज तोडली, तर भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम 29 खाली कोर्टात अर्ज करता येतो.

लिव्ह अँड लायसन्स असेल तर
अकरा महिन्यांचा हा करार भाडेकरार नव्हे. कलम 14 तुमच्या कामाचं नाही. दुरुस्तीचं कलम करारात काय आहे, तेवढाच आधार. ‘डिपॉझिटमधून वळतं करा’ हे मालकानं लेखी मान्य केलं तरच चालतं, नाहीतर थकबाकीचं कलम लावून तो करारच संपवेल. त्यामुळे दुरुस्ती होत नसेल, तर करारातली नोटीस देऊन घर सोडणं इथे बहुधा स्वस्त पडतं. मुदत संपल्यावर हट्टानं राहिलात, तर शुल्काच्या, म्हणजे या करारातल्या ‘भाड्याच्या’, दुप्पट भरपाई द्यावी लागते.