दोन लायनी आणि एक व्हीपीएन: लोड बॅलन्सिंग, फेलओव्हर की बॉन्डिंग?

आमचं ऑफिस सदाशिव पेठेत, आठ माणसं, आणि सगळी दिवसभर व्हीपीएनवरून (इंटरनेटमधून जाणारी बंदिस्त खासगी वाट) क्लायंटच्या सर्व्हरला चिकटलेली. इंटरनेटच्या १०० एमबीपीएसच्या दोन लायनी घेतल्या तेव्हा मला वाटलं आता २०० मिळणार, कसलं काय! स्पीड टेस्टवर १८० दिसायचे आणि व्हीपीएनमधून मोठी फाइल ओढली की तेच नव्वदच्या आत.

कारण साधं आहे. लोड बॅलन्सिंग करणारा राउटर एकेक कनेक्शन या नाहीतर त्या लायनीवर टाकतो, एकाच कनेक्शनचे दोन तुकडे करत नाही. स्पीड टेस्ट एकदम बरीच कनेक्शन उघडते म्हणून आकडा फुगतो, पण व्हीपीएनचा टनल, म्हणजे तीच बंदिस्त वाट, बाहेरून बघितला तर एकच कनेक्शन, आत कितीही गर्दी असू दे. म्हणून आधी हे बघा की तुमच्याकडे प्रत्येकाच्या लॅपटॉपवर वेगळं व्हीपीएन आहे की राउटरवरच एक टनल टाकलाय. वेगळं असेल तर आठ टनल दोन लायनींवर वाटले जातात आणि बॅलन्सिंगचा खरंच उपयोग होतो, राउटरवर एकच असेल तर व्हीपीएनसाठी दुसरी लाइन नुसती बसून राहते. बॅलन्सिंगचा आणखी एक त्रास म्हणजे मधेच आयपी (बाहेर दिसणारा इंटरनेटचा पत्ता) बदलला की बँकेची साइट लॉगआउट करते, त्यामुळे स्टिकी सेशन (एका माणसाचं एका साइटवरचं काम एकाच लायनीवर ठेवणारी सेटिंग) चालू ठेवा नाहीतर अकाउंटवाल्या ताई तुमच्या नावाने खडे फोडतील.

फेलओव्हर म्हणजे एक लाइन कामाला, दुसरी राखीव. दिसायला फुकट घालवल्यासारखं वाटतं पण छोट्या ऑफिसला बहुतेक वेळा हेच पुरतं असं माझं मत. व्हीपीएन वायरगार्ड प्रकारचं असेल तर लाइन बदलली तरी टनल थोड्या सेकंदांत परत उभा राहतो, टीसीपीवर (कनेक्शन जोडून, पोच घेत डेटा पाठवायची पद्धत) चालणारं ओपनव्हीपीएन हे दुसरं व्हीपीएन तुटतं आणि नव्याने जोडावं लागतं, वर ओटीपी. यात एक मेख आहे जिच्यात आमचा अख्खा शनिवार गेला: लाइन मेली तरी राउटर जुन्या कनेक्शनची नोंद धरून बसतो आणि वायरगार्डचे पॅकेट (डेटाचे तुकडे) त्याच मेलेल्या लायनीवर ढकलत राहतो. राउटरवर पीएफसेन्स हे सॉफ्टवेअर असेल तर त्यात गेटवे (म्हणजे लाइन) पडल्यावर जुन्या स्टेट (याच नोंदी) मारायची सेटिंग आहे, ओपनडब्ल्यूआरटी असेल तर त्याच्या एमवॅन३ या पॅकेजमध्ये कॉनट्रॅक फ्लश, ती चालू करा.

बॉन्डिंग, म्हणजे एकाच कनेक्शनचे तुकडे दोन्ही लायनींवर पाठवणं, हा तिसरा प्रकार, आणि एकाच टनलला दोन्ही लायनींचा स्पीड हवा असेल तर हाच. पण त्याला पलीकडे तुकडे परत जोडणारा सर्व्हर लागतो: स्पीडिफायसारखी विकतची सर्व्हिस, नाहीतर मुंबईत भाड्याचा व्हीपीएस (डेटा सेंटरमधला आभासी सर्व्हर) घेऊन ओपनएमपीटीसीपीराउटर हे सॉफ्टवेअर. फायदा म्हणजे बाहेर कायम व्हीपीएसचाच आयपी दिसतो, क्लायंटला एकच आयपी व्हाइटलिस्ट करायला (तेवढ्यालाच आत येऊ द्यायला) सांगायचं. तोटे पण आहेत. एमपीटीसीपी (हे सॉफ्टवेअर वापरतं ती तुकडे करायची पद्धत) नावाप्रमाणे टीसीपीसाठी, वायरगार्ड यूडीपी या वेगळ्या पद्धतीवर, म्हणजे त्यासाठी आणखी एक टनल आणि मग एमटीयू (पॅकेटची कमाल साइज) कमी करत बसा. आणि फायबरला मोबाइल डेटाची जोडी लावली तर मागे राहिलेल्या पॅकेटसाठी पुढे आलेली थांबतात, कधीकधी एकट्या फायबरपेक्षा हळू चालतं.

घरून ऑफिसच्या सर्व्हरला लोक जोडत असतील तर गोष्टच वेगळी, तिथे दोन्ही लायनींना स्वतःचा पब्लिक आयपी लागेल, स्टॅटिक (न बदलणारा) असेल तर उत्तम; सीजीनॅटच्या (कंपनी बऱ्याच ग्राहकांना मिळून एकच आयपी देते ती पद्धत) मागे बाहेरून कोणी थेट आत येऊ शकत नाही.

आम्ही शेवटी फेलओव्हर ठेवलं, वर बॅकअप आणि विंडोज अपडेट कायमचं दुसऱ्या लायनीवर वळवलं. दुसरी लाइनही बदलली, कारण कंपन्या दोन असल्या तरी दोन्ही केबल एकाच खांबावरून यायच्या आणि गल्ली खोदली की एकदमच जायच्या; आता ती ५जीची आहे. यूपीएस घेतला तो राउटरला, फायबरचा ओएनटी (फायबरची लाइन राउटरला जोडणारा डबा) मात्र भिंतीवरच्या साध्या प्लगवर राहिला. पहिल्याच गुरुवारी लाइट गेली आणि आठही जण ५जीवर.