खाण्याचा सोडा की मायक्रोबलून्स: डायोरामातला बर्फ कशाचा करावा?

हिवाळी डायोरामा, म्हणजे छोट्या प्रतिकृती मांडून उभे केलेले दृश्य, करायला घेतलेला माणूस रणगाड्यावर महिनोन्‌महिने घालवतो आणि बर्फाचा निर्णय शेवटच्या आठवड्यात उरकून टाकतो. पर्याय तसे मोजकेच आहेत. एक खाण्याचा सोडा, दुसरा मायक्रोबलून्स, म्हणजे आतून पोकळ असलेले काचेचे अतिसूक्ष्म गोळे. दोन्ही पांढऱ्या पीव्हीए गोंदात कालवायचे, दोन्हींत पांढरा ॲक्रिलिक रंग घालायचा, दोन्हींचा शेवटचा थर कोरडाच गाळणीतून भुरभुरवायचा. कृती इतकी सारखी, की काहीही वापरले तरी चालेल असे वाटते. पहिल्या दिवशी चालतेही. मी दोन्ही वापरले आहेत आणि आता माझ्या कपाटात मायक्रोबलून्सचाच डबा असतो. तरी सोड्याला नावे ठेवण्यासाठी हे लिहीत नाही, त्याचीही एक जागा आहे.

आधी कणाच्या आकाराचे बोलू, कारण वाद बहुधा तिथूनच सुरू होतो. सोड्याचा कण ०.१ मिलिमीटरच्या आसपास धरला तर १/३५ मध्ये, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या भागाएवढ्या प्रतिकृतीत, तो खऱ्या साडेतीन मिलिमीटरच्या कणासारखा होतो. मायक्रोबलूनचा गोळा ०.०५ मिलिमीटरचा धरला तर पावणेदोन मिलिमीटरचा. पडून थोडा दबलेल्या बर्फाला दोन्ही खपून जातात, हातभर अंतरावरून मला तरी फरक सांगता येत नाही. १/७२ मध्ये मात्र तोच सोडा सात मिलिमीटरचा होतो, म्हणजे बर्फ न राहता गारा होतात. लहान स्केलवाल्यांनी खरे तर पुढचे वाचले नाही तरी चालेल.

पांढरेपणात फरक आहे आणि त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. पांढरी भुकटी पांढरी दिसते ती कण आणि मधली हवा यांच्या सीमांवर प्रकाश विखुरतो म्हणून. मधल्या जागेत गोंद शिरला की ती सीमा पुसट होते, कारण प्रकाश वळवण्याच्या बाबतीत सोडा आणि वाळलेला गोंद फार वेगळे नाहीत. त्यामुळे गोंद जास्त झाला की सोड्याचा बर्फ राखाडी, ओलसर दिसू लागतो आणि तो पांढरा ठेवण्याचे सगळे काम रंगावर येते. मायक्रोबलूनच्या पोटात हवा बंद असते. बाहेरून कितीही गोंद माखला तरी आतली हवा जागची हलत नाही, म्हणून लगदा वाळल्यावरही पांढरा राहतो. काचेची भरीव भुकटी घेतली तर हा फायदा मिळत नाही. ती गोंदात जवळजवळ दिसेनाशी होते. म्हणून ती फक्त वरच्या थरावर, चमक हवी असेल तिथे आणि चिमूटभरच.

पण यातल्या कशानेही माझा निर्णय झाला नाही. राखाडीपणा रंगाने झाकता येतो, कण वस्त्रगाळ करता येतो. निर्णय झाला तो सोडा पाण्यात विरघळतो या साध्या गोष्टीमुळे.

साध्या तापमानाच्या १०० मिलिलिटर पाण्यात साडेनऊ ग्रॅमच्या आसपास सोडा विरघळतो. फार नाही, पण डायोरामात लागते तेवढे पुरते. गोंद प्रत्येक कणाला झाकत नाही, आणि वरून भुरभुरवलेला थर तर जवळजवळ उघडाच असतो. बर्फ घालून झाल्यावर काम थांबले असते तर काही बिघडले नसते. पण बर्फानंतरच खरी कामे निघतात. रणगाड्याच्या ट्रॅकने, म्हणजे साखळीपट्ट्याने, पडलेल्या चाकोरीत गडद वॉश, म्हणजे खूप पातळ केलेला रंग, सोडायचा असतो. बुटांच्या ठशांत ओल दाखवायची असते. पिगमेंट, म्हणजे रंगाची कोरडी पूड, पाण्यात कालवून चिखल करायचा असतो, सुकलेले गवत पातळ गोंदाने बसवायचे असते. प्रत्येक वेळी पाणी थोडा सोडा सोबत घेते, खालच्या सच्छिद्र जमिनीतून बाजूला सरकते आणि जिथे सुकते तिथे स्फटिक ठेवून जाते. विटांच्या भिंतीला मीठ फुटते तसाच हा प्रकार. पांढरी किनार नेमकी चिखलावर उगवते, चाकांच्या खालच्या कडेला, बुटांच्या तळव्यापाशी.

ती ओल्या ब्रशने पुसावी तर विरघळून आणखी दोन सेंटिमीटर पलीकडे जाते. कोरड्या ब्रशने झाडावी तर तिच्यासोबत चिखलाचे पिगमेंटही निघते. मॅट वार्निशने झाकली तर काही दिवस शांत राहते, मग दमट हवेत हळूच पुन्हा दिसू लागते. इतरांचा अनुभव वेगळा असू शकेल. हवा कोरडी असेल, गोंद जाड वापरला असेल, बर्फानंतरची सगळी कामे स्पिरिटवर चालणाऱ्या रंगांनी केली असतील, तर कदाचित ही किनार दिसणारही नाही. मला मात्र ती काम संपल्यावरही चालू राहणारी कटकट वाटते. रणगाडा पूर्ण झाला की तो पूर्ण असतो. सोड्याचा बर्फ मात्र आपले काम चालूच ठेवतो.

हे इतके लांबण लावायचे कारण असे की हिवाळी दृश्यात बघणाऱ्याची नजर पांढऱ्या मैदानावर थांबत नाही. ती थांबते बर्फ आणि चिखल भेटतात तिथे. दुसऱ्या महायुद्धातली बेल्जियमकडची आर्देनची लढाई १६ डिसेंबर १९४४ ला सुरू झाली तेव्हा पहिल्या दिवसांत धुके आणि चिखल होता, जमीन गोठली आणि दाट बर्फ आला तो नंतर. म्हणजे त्या पहिल्या दिवसांचे दृश्य करणाऱ्याला अर्धा चिखल आणि अर्धा विरळ बर्फ करावा लागतो. जानेवारी १९४५ करणाऱ्यालाही रस्त्याच्या मधोमध तुडवलेला तपकिरी बर्फ लागतोच. किंवा काश्मीरहून लडाखकडे जाणारी झोजिला खिंड घ्या, नोव्हेंबर १९४८ मधली. भारतीय सैन्याच्या सातव्या लाइट कॅव्हलरीचे स्टुअर्ट रणगाडे अकरा हजार फुटांच्या वर चढवले गेले, तिथे काळा खडक आणि त्याच्या खाचांत धरलेला बर्फ अशी सरमिसळ दाखवायची असते. खडकाच्या काळ्या अंगावर सोड्याची फुललेली किनार किती डोळ्यांत भरेल याची कल्पना करा. याउलट सोव्हिएत-फिनलंड युद्धातला, जानेवारी १९४० मधला फिनलंडचा राते रस्ता करणार असाल, उणे तीसच्या खालची थंडी, सगळे गोठलेले, ओल कुठेच नाही, तर सोड्याची ही खोड बरीचशी झाकली जाते. दृश्य कोणते हे आधी ठरवा म्हणतात ते इथेही लागू पडते.

मायक्रोबलून्सची बाजू घेतली आहे तर त्यांचे दोषही सांगायला हवेत. पहिला दोष गंभीर आहे. ही पूड हवेत तरंगते, श्वासातून आत जाते आणि काच फुप्फुसात विरघळत नाही. चांगला मास्क लावल्याशिवाय डबा उघडू नये, पंखा बंद असावा, आणि सांडलेली पूड झाडूने न झाडता ओल्या कापडाने टिपावी. सोड्याला यातले काही लागत नाही, घरात लहान मूल असेल तर ही गोष्ट एकटीच निर्णय फिरवू शकते. दुसरा दोष त्रासाचा आहे, धोक्याचा नाही. पूड इतकी हलकी असते की वरचा कोरडा थर पक्का करायला स्प्रे मारला की तीच उडून जाते. त्यावर उपाय म्हणजे स्प्रे थेट न मारता बराच वर धरून धुके आपोआप खाली उतरू देणे, किंवा आधीच पातळ गोंदाचे बारीक तुषार मारून ओल्यावरच भुरभुरवणे. पाण्यात थोडे अल्कोहोल टाकले तर तुषारांचे थेंब बनत नाहीत आणि बर्फात खड्डे पडत नाहीत.

लगद्याचे प्रमाण मी मोजत नाही. गोंद आणि पांढरा रंग साधारण सारखे, पाणी जपून, आणि पूड घालत राहायचे ते चमच्यावरून लगदा सहज न ओघळेपर्यंत. हा लगदा बराच वेळ मऊ राहतो, त्यामुळे ट्रॅक दाबून ठसा घ्यायला सवड मिळते. रणगाड्याला खालून खाद्यपदार्थ गुंडाळायची पातळ फिल्म लावली की ठसा घेऊन तो सुखरूप उचलता येतो. सोड्याच्या लगद्यावर साय लवकर धरते आणि ठशाची कड तुटते. काही पांढऱ्या गोंदांत किंचित आम्लता असते, त्यात सोडा पडला की बारीक बुडबुडे येतात आणि वाळल्यावर छिद्रे राहतात. कुणाला ती छिद्रे वितळत्या बर्फासारखी वाटतात. तेही खरेच.

थर फार जाड देऊ नये, हे मात्र दोन्हींना लागू. तीस सेंटिमीटर बर्फ १/३५ मध्ये साडेआठ मिलिमीटर होतो. तेवढी उंची लगद्याने न भरता खालच्या फोममध्येच कोरून घ्यावी आणि वर दोन मिलिमीटरचा थर द्यावा, नाहीतर पाणी उडाल्यावर थर आकसतो आणि तडकतो. ते तडे दोन्ही पदार्थांत सारखेच पडतात.

रणगाड्यावरच्या पांढऱ्या रंगाबद्दल एक ओळ, विषय थोडा सोडून. हिवाळी छलावरणाचा चुना आणि खाली पडलेला बर्फ यांचा पांढरा एकच ठेवू नका. चुना मळका, पिवळट आणि कडांना घासलेला दाखवला की बर्फ आपोआप स्वच्छ दिसतो. आणि चालत्या रणगाड्याच्या इंजिनाच्या झाकणावर बर्फ साचत नाही. तिथे ओल दाखवा.

मग सोडा कुठे वापरायचा? मांडणी ठरवताना. गोंद न घालता नुसता भुरभुरवून बघायला तो उत्तम, मनासारखे नसेल तर झटकून टाकता येतो. सुपरग्लूसोबत तो क्षणात दगडासारखा होतो, त्यामुळे रस्त्याच्या कडेला गोठलेल्या बर्फाचा कठीण ढिगारा करायला त्याच्याइतके सोयीचे काही नाही. असा ढिगारा पुढे पिवळसर पडतो अशी तक्रार बऱ्याच जणांची असते. म्हणून मी तो पांढऱ्या रंगाखाली पूर्ण झाकतो आणि त्यावर मायक्रोबलून्सचा थर देतो. म्हणजे इथेही शेवटी तोच डबा उघडावा लागतो.

बाजारात मिळणाऱ्या बर्फाच्या तयार पेस्टबद्दल थोडक्यात: लहान चौकटीसाठी सोयीची, मोठ्या जमिनीसाठी महाग, आणि आत काय आहे ते डब्यावर क्वचितच कळते. त्यामुळे ओलीत ती कशी वागेल हे आधी सांगता येत नाही.

तरीही मन सोड्याकडेच ओढत असेल तर प्लॅस्टिकच्या एका तुकड्यावर अर्ध्या भागात गडद चिखल आणि अर्ध्या भागात सोड्याचा बर्फ लावून वाळू द्या. मग दोन्हींच्या सीमेवर पाण्यात कालवलेल्या वॉशचे दोन थेंब सोडा आणि तुकडा आठवडाभर बाथरूमच्या खिडकीत ठेवा. किनार उगवली नाही तर खुशाल सोडा वापरा. शेजारी मायक्रोबलून्सचाही एक तुकडा ठेवला तर बरे.