घरपोच स्लीप स्टडी: घोरणाऱ्याला उपयोगी, नुसत्या पेंगणाऱ्याला अपुरी

दिवसभर पेंग येते, आठ तास झोपूनही सकाळी अंग जड असतं, जेवणानंतरच्या मीटिंगमध्ये मान पडते. अशी तक्रार घेऊन गेलं की हल्ली बरेचदा घरीच स्लीप स्टडी, म्हणजे झोपेतल्या श्वासाची रात्रभराची तपासणी, करून घ्यायला सांगतात. सिडकोपासून नाशिकरोडपर्यंत ही सोय आता घरपोच मिळते. दवाखान्यातल्या रात्रीपेक्षा स्वस्त, आणि आपल्याच गादीवर. पाचपैकी साडेतीन गुण. दीड का कापला, ते सांगतो.

टेक्निशियन संध्याकाळी मोबाइलएवढी एक पेटी आणतो. ती छातीवरच्या पट्ट्याला अडकवायची, नाकपुड्यांत श्वास मोजणारी बारीक नळी, बोटाला ऑक्सिजनचा क्लिप. बस. डोक्याला एकही तार नाही, आणि खरी मेख तिथेच आहे. मेंदूच्या लहरी नोंदवल्या जात नाहीत, म्हणजे माणूस झोपला होता की छताकडे बघत पडला होता, हे या यंत्राला कळतच नाही. ते फक्त श्वास आणि ऑक्सिजन मोजतं.

आता रिपोर्टमधला मुख्य आकडा बघा, एएचआय. किमान 10 सेकंद श्वास थांबणं किंवा बराच उथळ होणं, असं तासाला सरासरी किती वेळा झालं, तो हा आकडा. 5 च्या खाली नॉर्मल, 5 ते 15 सौम्य, 15 ते 30 मध्यम, 30 च्या वर तीव्र. समजा आठ तासांच्या रेकॉर्डिंगमध्ये 36 वेळा श्वास अडला. भागाकार 4.5, रिपोर्ट नॉर्मल. पण त्या आठ तासांत झोप पाचच तास लागली असेल तर खरा आकडा 7.2, म्हणजे सौम्य स्लीप ॲप्निया, झोपेत श्वास वारंवार अडण्याचा आजार. घरच्या तपासणीत आकडा कमी दिसू शकतो तो असा. घोरणं जोरात असेल, घरचे म्हणत असतील की मध्येच श्वास थांबतो आणि मग दचकून उठतो, बीपी असेल, शर्टाची कॉलर 40 सेंटिमीटरच्या वर असेल, तर अशा नॉर्मल रिपोर्टवर फाइल बंद करू नये. मेंदूच्या लहरीही नोंदवणारी, दवाखान्यातली पूर्ण लॅब स्टडी मागावी.

रेकॉर्डिंग बिघडण्याची कारणं बहुतेक साधी असतात. कूस बदलताना नाकातली नळी सटकते, म्हणून गालांवर दोन्हीकडे चिकटपट्टी लावून घ्याच. नेलपॉलिश किंवा गडद मेंदी असलेलं बोट क्लिपला देऊ नये. जानेवारीत निफाडकडचा गारठा शहरात उतरला की बोटं थंड पडतात, बोटातला रक्तप्रवाह मंदावतो आणि ऑक्सिजनच्या रेषेत भगदाडं पडतात. हात पांघरुणात ठेवा. रात्रभर मुद्दाम एका कुशीवर राहू नका, कारण बऱ्याच जणांचा श्वास उताणं झोपल्यावरच अडतो. निदान 4 तासांचं स्वच्छ रेकॉर्डिंग नसेल तर तो रिपोर्ट धरायचा नाही. तपासणी फुकट पुन्हा करून देणार का, हे पैसे देण्याआधी विचारा. दुसरा प्रश्न: आकडा सॉफ्टवेअरने काढलाय की माणसाने रेषा तपासल्यात? सॉफ्टवेअरचा दोन ओळींचा निकाल हातात देऊन मोकळे होणारेही आहेत. रेषांची पानं मागून घ्या.

अंबड-सातपूरला फिरत्या शिफ्टमध्ये काम करणाऱ्यांनी वेळ ठरवतानाच तसं सांगावं. रात्रपाळीच्या आठवड्यात दिवसा झोपणाऱ्याला रात्री पेटी बांधून काय मिळणार?

आणि जे घोरतच नाहीत, फक्त पेंगतात, त्यांच्यासाठी ही पेटी पहिली पायरीच नव्हे. आधी एपवर्थचा तक्ता भरा: रोजचे आठ प्रसंग, त्यात डुलकी लागण्याची शक्यता किती यावर प्रत्येकाला 0 ते 3 गुण, बेरीज 10 च्या वर गेली तर पेंग जास्त आहे. दोन आठवडे झोपण्या-उठण्याच्या वेळा लिहून ठेवा. निम्म्या लोकांचं उत्तर त्या वहीतच सापडलं तर नवल नाही: रोजची झोप साडेपाच तास. हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), टीएसएच (थायरॉइड), साखर, बी-12 तपासा. सर्दीची सेटिरिझिन, झोपेची किंवा चिंतेची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना दाखवा. स्वतःहून बंद मात्र करू नका.

हे सगळं ठीक निघालं आणि हसताना गुडघे लटपटतात किंवा जबडा सैल पडतो असं होत असेल, तर संशय नार्कोलेप्सीचा, म्हणजे दिवसा अनावर झोप आणणाऱ्या मेंदूच्या आजाराचा. ती घरच्या पेटीत दिसत नाही. त्यासाठी रात्रीच्या लॅब स्टडीनंतर दुसऱ्या दिवशी एमएसएलटी करतात: दोन-दोन तासांनी चार किंवा पाच डुलक्यांची संधी. सरासरी 8 मिनिटांच्या आत झोप लागली आणि त्यात निदान दोनदा लगेच स्वप्नांची झोप आली, तर निदान त्या बाजूला झुकतं. नैराश्यावरच्या बऱ्याच गोळ्या ही स्वप्नांची झोप दाबतात, त्यामुळे तपासणीची तारीख मेंदूरोगतज्ज्ञांशी बोलूनच घ्यावी.

एक गोष्ट खटकते. काही ठिकाणी रिपोर्ट देणारा आणि सीपॅप (झोपेत मास्कमधून दाबाने हवा देऊन श्वासाची वाट उघडी ठेवणारं मशीन) विकणारा एकच असतो, आणि रिपोर्टसोबत मशीनचं कोटेशन येतं. मशीन वाईट नाही. मध्यम-तीव्र ॲप्नियावर सहसा तोच पहिला उपाय. पण महिनाभर भाड्याने घेऊन बघा. सगळा खेळ मास्कचा आहे: दाट मिशीवरून हवा गळते, आणि तोंड उघडं राहणाऱ्याला नुसता नाकाचा मास्क पुरत नाही. मशीनच्या ह्युमिडिफायरमध्ये, म्हणजे हवा ओलसर करणाऱ्या भांड्यात, डिस्टिल्ड पाणीच घाला. थंडीत नळीत पाणी साचून गुडगुड आवाज यायला लागला तर मशीन गादीच्या पातळीखाली ठेवा आणि नळी पांघरुणाच्या आतून घ्या.