उद्यम नोंदणी: वेफर्सवालीचा अनुभव

सावद्याला आमचं केळीच्या वेफर्सचं काम आहे. दोन कढया, एक स्लायसर, पाच बाया. मोठी तळणी आणि पॅकिंग मशीन घ्यायला 8 लाख हवे होते, म्हणून उद्यम पोर्टलवर, म्हणजे लहान-मध्यम उद्योगांच्या सरकारी नोंदणीच्या साइटवर, नोंदणी केली. आधार, पॅन, बँक खात्याची माहिती, बस. कागद एकही अपलोड करावा लागला नाही. आणि सगळं फुकट! हे मुद्दाम सांगते, कारण आमच्या गल्लीतल्या एका ताईंकडून तसल्याच दिसणाऱ्या खासगी साइटने 1,500 रुपये उकळले. सरकारी पत्ता नीट बघूनच माहिती भरा.

1 एप्रिल 2025 पासून यंत्रसामग्रीतली गुंतवणूक अडीच कोटी आणि उलाढाल 10 कोटींपर्यंत असली तर उद्योग सूक्ष्म धरतात. म्हणजे आम्ही अगदी तळाला, पण मोजणीत आहोत, याचंच मला फार वाटलं.

खरी कसोटी बँकेत. साहेबांनी पहिल्याच दिवशी सासऱ्यांचा सातबारा मागितला. केळीचा मळा गहाण ठेवायचा? मी प्रमाणपत्र टेबलावर ठेवलं आणि म्हटलं, ‘साहेब, सूक्ष्म आणि लघु उद्योगांच्या 8 लाखांसारख्या लहान कर्जाला तारण मागू नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.’ त्यांनी दोन फोन केले. मग क्रेडिट गॅरंटीच्या योजनेत, म्हणजे तारणाऐवजी कर्जाला हमी मिळते त्या योजनेत, प्रकरण बसवलं. तरी मंजुरीला सहा आठवडे गेले, चकरा वेगळ्याच.

नोंदणीला पाचपैकी पाच. त्या शाखेला दोन. तळणी मागच्या सोमवारी लागली.